अरुंद स्पाइक म्हणजे निरोधी पेशी? एका समीकरणाची पार्श्वभूमी

आखूड अक्षतंतूंच्या चेतापेशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या छेदांतच दिसल्या होत्या. मात्र त्या शेजारच्या पेशींना थोपवतात, म्हणजे निरोधी आहेत, हे नुसत्या आकारावरून कळण्याजोगे नव्हते. मेंदूत गाबा (या पेशी ज्याद्वारे इतरांना थोपवतात ते रसायन) असल्याचे 1950 मध्ये उघड झाले. 1970 च्या दशकात मांजरांच्या दृष्टी-कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाह्यस्तरातील दृष्टीच्या भागात) बायकुकुलिन हे रसायन सोडून गाबाचा परिणाम रोखला, तेव्हा ठरावीक तिरपेपणाच्या रेषेलाच प्रतिसाद देण्याचा पेशींचा चोखंदळपणा सैल पडला. 1980 च्या दशकात मकाक माकडाच्या प्राथमिक दृष्टी-कॉर्टेक्समधील गाबा वापरणाऱ्या पेशींची मोजदाद झाली आणि प्रमाण सुमारे 20 टक्के भरले.

खरा घोळ यानंतरचा आहे. जागृत माकडाच्या मेंदूत उतरवलेला इलेक्ट्रोड पेशीबाहेरून विद्युतस्पंद, म्हणजे स्पाइक, टिपतो. स्पंद कोणत्या जातीच्या पेशीचा, हे तो सांगत नाही. उंदरांमध्ये पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या निरोधी पेशींचा स्पाइक अरुंद असतो, कारण केव्ही 3 गटातील, पोटॅशियम आयनांना वाट देणाऱ्या मार्गिका पेशीला झटकन पूर्वपदावर आणतात. त्यावरून, स्पाइकच्या तळापासून पुढच्या शिखरापर्यंतचा काळ साधारण 200 मायक्रोसेकंदांच्या आत असला की पेशी निरोधी, हा ठोकताळा माकडांच्या अभ्यासांतही रुळला. 2007 मध्ये व्ही 4 या दृष्टीशी संबंधित क्षेत्रात लक्ष एकाग्र करण्याचा परिणाम अरुंद स्पाइकच्या पेशींवर अधिक ठळक आढळला, तेव्हा तो निरोधी पेशींचाच गुणधर्म म्हणून वाचला जाणे ओघानेच आले. सोयीच्या खुणेला ओळखपत्र मानण्याची ही घाई, प्रस्तुत लेखकाच्या मते, टाळता आली असती.

कारण माकडाच्या कॉर्टेक्समधील काही उत्तेजक, म्हणजे इतरांना चेतवणाऱ्या, पेशींतही त्याच मार्गिका सापडतात. 2011 मध्ये हालचाली घडवणाऱ्या प्रेरक कॉर्टेक्समधून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या, म्हणजे निःसंशय उत्तेजक, पेशींचे स्पाइकही अरुंद असल्याचे दाखवले गेले. 2020 मध्ये प्राथमिक दृष्टी-कॉर्टेक्समध्येच अरुंद स्पाइकचे झुबके सोडणाऱ्या पेशींचा एक वेगळा गट वर्णिला गेला आणि त्या उत्तेजक असाव्यात असा तर्क मांडला गेला. निरोधी पेशींचे आपसांतील प्रमाणही उंदरांवरून उचलता येत नाही. मकाकच्या या क्षेत्रात त्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश पेशींत पार्व्हाल्ब्युमिन असते, उंदरांत निम्म्याहून कमी.

अलीकडे निवडक निरोधी पेशींतच प्रकाशसंवेदी प्रथिन पोहोचवणारे विषाणू माकडांसाठीही तयार झाले आहेत. त्यामुळे स्पाइकची रुंदी मोजण्याऐवजी प्रकाश टाकताच कोणती पेशी काही मिलिसेकंदांत प्रतिसाद देते, हे पाहता येते.