वाचनालयात प्रश्न कुणाला विचारायचा? मराठवाड्यातील संदर्भ सेवेची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२३ मध्ये निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात घरोघरी पेट्या उघडल्या. खासरा पत्रकं, आजोबांच्या शाळेचे दाखले, उर्दू-मोडीतले पिवळे कागद बाहेर आले. कुणबी दाखल्यांसाठीच्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर तर निजामकालीन 'हैदराबाद गॅझेट' पारावरच्या गप्पांत आलं. त्यात काय आहे, आमच्या घराण्याचं नाव सापडेल का, आमचं गाव तेव्हा कोणत्या तालुक्यात होतं, हे सगळे अस्सल संदर्भ-प्रश्न, म्हणजे ग्रंथपालाने माहिती शोधून उत्तर द्यावं असे. ते घेऊन लोक तहसीलला गेले, मोडी वाचणाऱ्यांकडे गेले, झेरॉक्सच्या दुकानात गेले. वाचनालयात जाऊन विचारावं, हे माझ्या पाहण्यात तरी फारसं कुणाच्या मनात आलं नाही.

दोष तिथल्या कर्मचाऱ्यांच्या माथी मारणं सोपं आहे. पण इथली वाचनालयं घडली कशी, ते आधी बघायला हवं.

निजामी राजवटीत कचेरी आणि अदालत उर्दूत चालायची. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. सभा-संमेलनांना परवानगी लागायची. अशा वेळी शिक्षक-वकिलांनी वर्गणी काढून उभं केलेलं वाचनालय म्हणजे मराठी अक्षर टिकवण्याची जागा. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रं तिथे वाचायची, चार माणसांनी एकत्र बसायचं. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, ते असल्याच वातावरणात. पुस्तक मिळणं हीच तिथे मोठी गोष्ट होती. ग्रंथपाल हा पुस्तकांचा राखणदार, बहुतेकदा बिनपगारी. त्याला प्रश्न विचारायचा असतो, ही कल्पनाच नव्हती.

जगात ती कल्पना तेव्हा बरीच जुनी झाली होती. १८७६ साली अमेरिकेतल्या वूस्टरचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी मांडलं की वाचकाला नुसतं कपाट दाखवून भागत नाही, त्याच्याशी बोलून त्याला काय हवंय ते काढून घ्यावं लागतं. आपल्याकडे बडोद्यात सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावलं आणि ग्रंथपालांचे वर्ग सुरू झाले. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९४० च्या सुमारास संदर्भ सेवेवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. झटपट उत्तराचे प्रश्न वेगळे आणि दिवसेंदिवस शोध घ्यायला लावणारे वेगळे, ही त्यांची विभागणी आजही वर्गात शिकवतात. मुंबई प्रांतात फैजी समितीने १९४० च्या आगेमागे ग्रंथालय विकासाची टप्प्याटप्प्याची योजना दिली. मराठवाडा त्या प्रांतात नव्हताच.

मुक्तीनंतरही घडी लवकर बसली नाही. हैदराबाद राज्याने १९५५ साली ग्रंथालय कायदा केला, आणि तो रुजायच्या आत, १ नोव्हेंबर १९५६ ला, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. मग थेट १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम. या कायद्याने गावोगाव वाचनालयं उभी राहिली, हे मान्यच करायला हवं. पण १९७० च्या अनुदान नियमांनी अ, ब, क, ड असे वर्ग पाडले, आणि वर्गासाठी मोजायचं काय, तर ग्रंथसंख्या, सभासद, वर्तमानपत्रं. तपासणीला साहेब आले की दाखल नोंदवही आणि कीर्द पुढे करायची. दिवसभरात किती जणांनी काही विचारलं आणि किती जणांना उत्तर मिळालं, याच्या रकान्यावाचून कुणाचं अडलं नाही. जे मोजलं जात नाही ते शिकवायला वेळ कोण काढणार? ग्रंथालय संघांच्या प्रमाणपत्र वर्गात संदर्भ सेवेचा धडा असतो, पण तो पाठ करून परीक्षेत लिहायचा. ड वर्गात तर झाडण्यापासून देवघेवीपर्यंत सगळं एकाच माणसाच्या अंगावर.

कौशल्य शिकवता येतं का, याचं उत्तर अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात मिळालं. १९८३ साली तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांत ओळख न देता प्रश्न विचारून पाहिले, तेव्हा बरोबर उत्तरं निघाली जेमतेम ५५ टक्के. धक्का पुढेच होता. ग्रंथसंग्रह किती मोठा, याने फार फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो कर्मचारी काय बोलतो याने: उलट प्रश्न करून नेमकं काय हवं ते विचारलं का, उत्तर दिल्यावर 'तुमचं काम झालं का?' म्हटलं का. मग त्यांनी तीन दिवसांचं प्रशिक्षण आखलं. त्यात भाषणं कमी आणि एकमेकांवर सराव जास्त. ज्यांनी तो सराव पुढे चालू ठेवला, त्यांची उत्तरं सुधारली. अपुऱ्या संग्रहाच्या आपल्या वाचनालयांना यातून धीर यावा.

मात्र ते प्रशिक्षण जसंच्या तसं उचलून इथे चालणार नाही. इथल्या प्रश्नांना इथलाच भूगोल माहीत असावा लागतो. जालना १९८१ साली औरंगाबादेतून वेगळा झाला, लातूर १९८२ साली उस्मानाबादेतून, हिंगोली १९९९ साली परभणीतून. म्हणजे लातूरचा जुना संदर्भ उस्मानाबादच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथात, शोधायचा, आणि आता धाराशिव म्हणून विचारणाऱ्याला तिथवर नेऊन सोडायचं. अंबाजोगाई जुन्या कागदात मोमिनाबाद म्हणून सापडते. कागदावर फसली साल, म्हणजे निजामी कारभारातलं महसुली वर्ष, असेल तर इसवी सनासाठी त्यात ५९० मिळवायचे, एखाद्या वर्षाचा फरक धरायचा. जहागिरी बरखास्तीचा कायदा १३५८ फसलीचा, म्हणजे १९४९ चा. कॅम्बेल यांच्या संपादनाखालचं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर कितीही जाडजूड असलं तरी निजामाचा मुलूख त्यात नाही. त्यासाठी १८८४ चं औरंगाबादचं गॅझेटियर किंवा १९०९ चा हैदराबाद राज्यावरचा खंड काढावा लागतो. तेही आधी सांगून, की अशा ग्रंथात जिल्ह्याची माहिती आणि जातींची आकडेवारी मिळते, कुणाच्या पणजोबाचं नाव नाही. नाव हवं असेल तर भूमी अभिलेख किंवा तहसीलचा अभिलेख कक्ष गाठायचा. वाचकाला बरोबर दारात नेऊन सोडणं हीसुद्धा संदर्भ सेवाच, आणि तिला पुस्तक लागत नाही.

सध्या मराठवाड्यातल्या बऱ्याच वाचनालयांत सर्वाधिक गर्दी असते अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षेच्या मुलांची. केतकरांचा ज्ञानकोश आणि विश्वकोशाचे खंड त्यांच्या डोक्यावरच्या कपाटात कुलूपबंद असतात, आणि मुलं खाली मोबाइलवर उत्तर शोधतात. किल्ली बहुधा ग्रंथपालाच्याच ड्रॉवरमध्ये असते. प्रशिक्षण जेव्हा होईल तेव्हा होईल, काउंटरवर एक साधी वही ठेवून आलेला प्रश्न, कुठे शोधलं आणि काय सापडलं एवढं लिहायला उद्यापासून सुरुवात करता येते. वर्षभराने तीच वही त्या तालुक्याच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम ठरवायला पुरेल.