स्टेंटनंतरचा पुनःसंकोच आणि मधुमेहाची औषधे

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी धातूची जाळी, बसवल्यावर तीच जागा आतून पुन्हा अरुंद होते, त्याला पुनःसंकोच किंवा रिस्टेनोसिस म्हणतात. नाशिकच्या दवाखान्यांत नातेवाईक सांगतात, ‘स्प्रिंग टाकली होती, परत ब्लॉक झालं.’ अँजिओग्राफीत, म्हणजे धमन्यांच्या एक्स-रे तपासणीत, स्टेंटच्या आत किंवा कडेला व्यास निम्मा किंवा त्याहून जास्त घटलेला दिसला, तर पुनःसंकोच धरतात. मधुमेह असलेल्यांत त्याचे प्रमाण जास्त असते.

हा बहुधा जखम भरण्याचा अतिरेक असतो. धमनी उघडायला वापरलेला फुगा आणि धातूची जाळी यांनी धमनीच्या भिंतीला इजा होते, भिंतीतल्या स्नायुपेशी वाढू लागतात आणि वण जाळीच्या आतवर येतो. बहुतेकदा हे 3 ते 12 महिन्यांत घडते. झुरिकमध्ये 1977 साली डॉक्टर आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली, म्हणजे फुग्याने अरुंद धमनी उघडली. त्या काळी नुसत्या फुग्याने उघडलेल्या दहापैकी तीन-चार धमन्या सहा महिन्यांत पुन्हा अरुंद होत. 1986 मध्ये स्टेंट आला, त्यानंतर हे प्रमाण दहात दोन-तीनवर उतरले. सिरोलिमससारखे पेशींची वाढ रोखणारे औषध लावलेले स्टेंट 2002-03 पासून मिळू लागल्यावर ते साधारण दहात एकाच्या खाली गेले. भारतात फेब्रुवारी 2017 मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली. औषधी स्टेंट सुमारे 30 हजार रुपयांवर आला आणि ज्यांना तो परवडत नव्हता, अशा अनेक घरांना मोठा आधार मिळाला.

मधुमेहात मात्र अडचण उरतेच. वाढलेल्या साखरेमुळे धमनीचे आतले अस्तर नीट काम करत नाही, इन्सुलिन-प्रतिरोधामुळे (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्यामुळे) पेशींना वाढीचे संकेत मिळत राहतात. शिवाय धमन्या बारीक आणि रोग लांबवर पसरलेला असतो. म्हणून स्टेंटही अरुंद आणि लांब घालावे लागतात.

मग साखरेचीच गोळी हा वण रोखू शकेल का? मधुमेहाच्या औषधांतल्या ग्लिटाझोन गटाने ही आशा जागवली, कारण ही औषधे इन्सुलिन-प्रतिरोध कमी करतात आणि स्नायुपेशींची वाढही आवरतात. दक्षिण कोरियात 2004 साली प्रसिद्ध झालेल्या 95 मधुमेही रुग्णांच्या चाचणीत या गटातले रोझिग्लिटाझोन घेणाऱ्यांत पुनःसंकोच 17.6 टक्के आढळला, न घेणाऱ्यांत 38.2 टक्के. फरक डोळ्यांत भरणारा होता. पण 2007 मध्ये अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून याच औषधाने हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढत असल्याची शंका पुढे आली आणि 2010 मध्ये भारतात त्यावर बंदी आली. त्याच गटातले पायोग्लिटाझोन 2013 मध्ये काही आठवडे थांबवून इशाऱ्यांसह परत आले. या गोळ्यांनी अंगात पाणी साठते, हृदय कमजोर असेल तर ते धोक्याचे ठरते. धमनी रुंद राहिली म्हणजे माणूस सुरक्षित राहिला असे नव्हे, हे या औषधांनी दाखवून दिले. म्हणून आज केवळ पुनःसंकोच टाळण्यासाठी ती सहसा दिली जात नाहीत.

इन्सुलिनबद्दलचा गैरसमज मात्र मोडायलाच हवा. इन्सुलिनवर असलेल्यांत पुनःसंकोच जास्त दिसतो, पण त्यांचा मधुमेहही बहुधा जुना आणि तीव्र असतो. ‘इन्सुलिननं नस बंद होते’ असे ऐकून सुई सोडणे घातक आहे. मधुमेहाच्या एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्यांनी हृदय निकामी होण्याचा धोका घटतो, तो फायदा स्टेंटच्या जागेपुरता नाही.

पुनःसंकोच आणि स्टेंटमध्ये अचानक होणारी गुठळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हळूहळू होते. दुसरी तासाभरात जीव घेऊ शकते. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या ‘रक्त पातळ करणाऱ्या’ गोळ्या प्रामुख्याने गुठळीसाठी असतात. नवरात्रात निर्जळ उपवास धरून सकाळच्या सगळ्याच गोळ्या टाळणारे असतात. साखर कमी करणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचे वेळापत्रक उपवासाआधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावे, कारण उपाशीपोटी साखर घसरते. पण रक्त पातळ करणारी गोळी मनाने एक दिवसही चुकवू नये.

मधुमेहात मज्जातंतू बधिर झाले असतील तर छातीत दुखेलच असे नाही. गेल्या वर्षी सप्तशृंगगडाच्या पायऱ्या सहज चढलेल्या माणसाला यंदा निम्म्यावर दम लागतो, घाम फुटतो, आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं आता.’ स्टेंटनंतरच्या वर्षात असा बदल दिसला तर तपासणी लांबवू नये. नाशिकमध्ये शालिमारजवळच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात हृदयविकारावर उपचार होतात, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे.

पुनःसंकोच आढळला तर धमनीच्या आतून सोनोग्राफी करून आधी कारण पाहतात: स्टेंट पुरता फुगला नव्हता, की वण वाढला. मग औषध लावलेला फुगा किंवा दुसरा औषधी स्टेंट. अनेक धमन्या खराब असलेल्या मधुमेह्यांत बायपासचा विचार आधी होतो. 2012 च्या 1900 रुग्णांच्या फ्रीडम चाचणीत पाच वर्षांत मृत्यू, झटका किंवा पक्षाघात बायपास गटात 18.7 टक्के, तर स्टेंट गटात 26.6 टक्के लोकांना झाला, जरी पक्षाघात एकटा पाहिला तर तो बायपासनंतर जास्त होता. पुन्हा अँजिओग्राफीला जाताना मूत्रपिंड कमजोर असेल तर मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी थांबवतात आणि 48 तासांनी मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन पाहून पुन्हा सुरू करतात.