परदेशातल्या मेडिकल कॉन्फरन्सला जायचंय? सोलापुरातून फाइल कशी लावायची

दिवाळीच्या आसपास एखादा रेसिडेंट किंवा नुकताच दवाखाना टाकलेला डॉक्टर हातात ईमेलची प्रिंट घेऊन माझ्याकडे येतो. मजकूर ठरलेला असतो: आपल्यासारख्या नामवंत तज्ज्ञाला व्याख्यानासाठी निमंत्रित करताना आम्हाला अत्यानंद होत आहे. आणि प्रश्नही ठरलेला: "सर, व्हिसाचं कसं करायचं?"

व्हिसा बराच नंतर येतो. मी आधी विचारतो, पैसे कोण देणार? स्वतः, सरकारी अनुदान, बाहेरचे आयोजक की एखादी कंपनी? कोणाची परवानगी लागणार, कोणता फॉर्म भरायचा आणि मुळात जाता येणार का, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं.

आधी शब्दांचा घोटाळा मिटवतो. मराठीत कॉन्फरन्स म्हणजे परिषद आणि आपली नोंदणी करणारी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल म्हणजेही परिषदच. त्यामुळे पुढे मी कॉन्फरन्स आणि कौन्सिल असेच शब्द वापरतो.

निमंत्रण खरं आहे का?

निमंत्रणपत्राने फारसं काही सिद्ध होत नाही. पैसे भरले की 'व्याख्याता' करणाऱ्या कॉन्फरन्सचा मोठा बाजार आहे. तुम्ही त्वचारोगतज्ज्ञ आणि निमंत्रण आलं मेंदूविकारांच्या कॉन्फरन्सचं, तर आणखी काय तपासायचं? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ साली हैदराबादमधून चालणाऱ्या एका प्रकाशन आणि कॉन्फरन्स कंपनीवर खटला भरला. मोठ्या संशोधकांची नावं त्यांची संमती नसताना कॉन्फरन्सच्या जाहिरातीत टाकली, हा त्यातला एक आरोप होता. २०१९ मध्ये न्यायालयाने ५ कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम भरण्याचा आदेश दिला.

खऱ्या कॉन्फरन्समागे त्या विषयाची संघटना उभी असते. हृदयरोगात ऑगस्टच्या अखेरीस भरणारी युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीची कॉन्फरन्स, रेडिऑलॉजीत शिकागोला थँक्सगिव्हिंगच्या सुमारास भरणारी रेडिऑलॉजिकल सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिकेची (आरएसएनए), कर्करोगात मे-जूनमधली अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीची (आस्को), नर्सिंगमध्ये इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेसची काँग्रेस. इथे अ‍ॅबस्ट्रॅक्ट (म्हणजे अभ्यासाचा सारांश) नाकारलाही जातो. माझ्या मते तीच अस्सलपणाची सर्वांत भरवशाची खूण आहे. आठवड्याभरात 'अभिनंदन, आपला निबंध स्वीकारला' असं उत्तर आलं, तर पाकीट खिशातच राहू द्या.

पात्रता म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्ट

नुसतं श्रोता म्हणून जायला बहुतेक ठिकाणी पदवी, नोंदणी आणि फी पुरते. अनुदान, अधिकृत रजा किंवा सवलत हवी असेल तर मात्र पोस्टर किंवा तोंडी सादरीकरण स्वीकारल्याचं पत्र लागतं. अ‍ॅबस्ट्रॅक्टची मुदत कॉन्फरन्सच्या साधारण चार ते आठ महिने आधी संपते. म्हणजे ऑगस्टच्या कॉन्फरन्सची तयारी संक्रांतीच्या आत सुरू व्हायला हवी.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवण्यापूर्वी अभ्यासाला एथिक्स कमिटीची मंजुरी असली पाहिजे. मंजुरीची तारीख अभ्यास सुरू होण्याआधीची हवी. मागाहून मिळवलेली मंजुरी जाणकार परीक्षकाच्या नजरेत लगेच येते. औषध किंवा उपचाराची चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियातली नोंद लागते, आणि तीही पहिला रुग्ण घेण्यापूर्वीची. एकाच रुग्णाची केस मांडणार असाल तर त्याची लेखी संमती घ्या, आणि ती मराठीत, त्याला समजेल अशी. सीमाभागातून येणाऱ्या रुग्णांसाठी कन्नडमध्येही ठेवा. चेहऱ्याच्या फोटोवर डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं, ही समजूत आता सोडा.

पैसे कोण देणार

स्वतःच्या खिशातून जाणार असाल तर काम सगळ्यांत सोपं. पावत्या जपा आणि सीएला द्या.

सरकारी अनुदानासाठी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्य योजना आहे. आधी हे काम एसईआरबी हे केंद्राचं संशोधन मंडळ पाहत असे. आयसीएमआर (इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च) आपल्या संस्थेबाहेरच्या संशोधकांनाही प्रवासासाठी मदत करते. दोन्हीकडे अर्ज ऑनलाइन आणि संस्थेमार्फत जातो. स्वीकारपत्र, अ‍ॅबस्ट्रॅक्ट, बायोडाटा आणि संस्थाप्रमुखांची शिफारस लागते. विमानभाडं इकॉनॉमी वर्गाचं, जवळच्या मार्गाचं. खासगी महाविद्यालयातल्या अध्यापकांना वाटतं की हे फक्त 'सिव्हिल'वाल्यांसाठी आहे. तसं नाही.

आता कंपनीचे पैसे. इथे जरा थांबतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. डॉक्टरांच्या आचारसंहितेत डिसेंबर २००९ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून औषध कंपनीकडून स्वतःसाठी किंवा कुटुंबासाठी प्रवासाचा खर्च घेऊन डेलिगेट म्हणून कॉन्फरन्सला जाणं हा आचारसंहितेचा भंग आहे. देशात असो वा परदेशात. मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेने हीच मनाई कंपन्यांच्या बाजूनेही घातली आणि परदेशी ठिकाणी असे कार्यक्रम भरवण्यावर बंदी आणली. व्याख्याता म्हणून बोलावलेल्यांपुरता प्रवासखर्चाचा अपवाद आहे. वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांसाठीही त्याच वर्षी वेगळी संहिता आली. शिवाय २२ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटवस्तू-लाभांचा खर्च कंपनीला करपात्र उत्पन्नातून वजा करता येणार नाही. आणि १ जुलै २०२२ पासून वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त लाभ दिला की १० टक्के टीडीएस कापावा लागतो. म्हणजे तुमच्या पॅनवर त्याची नोंद राहते. "एजन्सीच्या नावाने तिकीट काढून देतो, तुमचं नाव कुठेच येणार नाही," असं कंपनीचा एमआर (विक्री प्रतिनिधी) सांगत असेल, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सामील झाले. त्या पथकाचा खर्च लोकांच्या वर्गणीतून उभा राहिला होता. पैसे कुठून आले ते तेव्हा उघड सांगता येत होतं.

चौथी वाट म्हणजे बाहेरच्या आयोजकांचं आतिथ्य. खासगी डॉक्टरला यात सहसा अडचण नाही. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकाला किंवा आरोग्य खात्यातल्या अधिकाऱ्याला आहे. परदेशी संस्था तिकीट, निवास किंवा जेवणखाण देणार असेल, तर परदेशी अंशदान कायद्याच्या कलम ६ नुसार सरकारी सेवकाला केंद्रीय गृह मंत्रालयाची आगाऊ परवानगी लागते. अर्ज ऑनलाइन, एफसी-२ फॉर्ममध्ये, सोबत निमंत्रणपत्र, आणि निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी. खात्याची परवानगी मिळाली म्हणजे ही मिळाली असं होत नाही. या दोन वेगळ्या फायली आहेत, आणि अनेक जणांना हे निघायच्या आदल्या आठवड्यात कळतं.

रजा आणि ना हरकत

शासकीय महाविद्यालयातला प्रस्ताव विभागप्रमुख, मग अधिष्ठाता आणि तिथून मुंबईला वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असा जातो. निमंत्रण, स्वीकारपत्र, खर्चाचा स्रोत, रजेचा कालावधी आणि तुमच्या जागी काम कोण पाहणार याची लेखी नोंद, एवढं सुरुवातीलाच जोडा. 'खर्चाचा स्रोत' हा रकाना मोकळा राहिला की फाइल हमखास परत येते. जावक क्रमांक लिहून घ्या. "साहेबांच्या टेबलावर आहे" हे उत्तर तीन महिने चालतं, जावक क्रमांक असला तर तीन आठवडे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमांत वर्षाला किमान २० दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आणि त्याशिवाय ५ दिवसांची शैक्षणिक रजा आहे. शिकागोला जायचं-यायचं आणि चार दिवस बसायचं, तर ५ दिवस पुरत नाहीत. वरचे दिवस नैमित्तिक रजेतून जोडून मागा आणि तसं अर्जात स्पष्ट लिहा. गाइडची सही सर्वांत आधी घ्या.

पासपोर्ट आणि नावाचं लफडं

सोलापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे पुण्याला खेपा घालायची गरज बहुतेकांना उरलेली नाही. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये. पोलीस पडताळणी शहरात राहत असाल तर आयुक्तालयाकडून, बार्शी, पंढरपूर किंवा अक्कलकोटला राहत असाल तर ग्रामीण पोलिसांकडून होते. पत्ता भाड्याच्या खोलीचा असेल तर तो नीट ठरवूनच अर्ज भरा. सरकारी नोकरांनी पासपोर्टच्या अर्जासोबत कार्यालयाला दिलेलं पूर्वसूचना पत्र किंवा ना हरकत प्रमाणपत्र जोडायचं असतं.

खरा घोळ नावाचा. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लग्नानंतर नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. एमबीबीएसची पदवी आणि कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि स्वीकारपत्रावर तिसरंच काहीतरी, कारण अ‍ॅबस्ट्रॅक्ट घाईत भरताना मधलं नाव आडनावाच्या रकान्यात गेलं. व्हिसा अधिकाऱ्याच्या दृष्टीने या तीन वेगळ्या बाया असतात. म्हणून कॉन्फरन्सचं रजिस्ट्रेशन, स्वीकारपत्र, तिकीट आणि विमा हे सगळं पासपोर्टवर आहे त्याच नावाने करा, अक्षरन्‌अक्षर. कौन्सिलची नोंदणी वेगळ्या नावाने असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवा. त्याची प्रत इंग्रजीत नसेल तर भाषांतर करून घ्या. पासपोर्टवर आडनाव बदलणं सक्तीचं नाही. ज्यांनी बदललं नाही त्यांची कागदपत्रं जुळवताना मला कधी त्रास झालेला नाही.

व्हिसा

युरोपातल्या शेंगेन देशांसाठी (या सगळ्यांना एकच व्हिसा चालतो) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. जून २०२४ मध्ये प्रौढांसाठी फी ९० युरो झाली. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. अर्ज ज्या देशात मुख्य मुक्काम त्याच देशाकडे. मिलानला चार दिवस कॉन्फरन्स आणि पुढे दोन दिवस स्वित्झर्लंड असेल तर अर्ज इटलीकडे. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला, काही देशांसाठी पुण्यालाही जावं लागतं. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरली की दवाखान्याचा एकच दिवस बुडतो.

अमेरिकेसाठी बी-१ प्रकार, डीएस-१६० फॉर्म आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. मुलाखतीच्या तारखा कधी कधी इतक्या लांबच्या मिळतात की अ‍ॅबस्ट्रॅक्टचा निकाल यायची वाट न पाहता तारीख घेऊन ठेवणं शहाणपणाचं. ब्रिटनला कॉन्फरन्ससाठी साधा व्हिजिटर व्हिसा चालतो.

जोडायची कागदपत्रं देशागणिक थोडी बदलतात. स्वीकारपत्र, फी भरल्याची पावती, कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र आणि तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं सगळीकडे कामाला येतात. बँकेचं स्टेटमेंट तीन किंवा सहा महिन्यांचं मागतात. नोकरीत असाल तर रजामंजुरी आणि पगारपत्रकं. स्वतःचं हॉस्पिटल असेल तर शुश्रूषागृह नोंदणीचं प्रमाणपत्र, आणि त्याची मुदत संपलेली नको. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्याकडची ओपीडी अजून बरीचशी रोखीत चालते. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम पाच लाख भरले, तर ते पैसे उसने आणलेत असंच समोरच्याला वाटतं. सहा महिने आधीपासून रोजची जमा बँकेत टाकायची सवय लावा.

कॉन्फरन्स आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराची लागण असलेल्या देशात असेल तर पीतज्वराची लस जाण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. लागण असलेल्या देशातून प्रमाणपत्राशिवाय परत आलात, तर आपलंच सरकार विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतं. डॉक्टरच हे विसरतात.

फी भरताना

रजिस्ट्रेशनच्या पानावर जागतिक बँकेच्या उत्पन्नगटांनुसार वेगळी फी आहे का ते आधी शोधा. भारत 'कनिष्ठ मध्यम उत्पन्न' गटात मोडतो आणि अनेक संघटना या गटाला मोठी सवलत देतात. रेसिडेंटसाठी प्रशिक्षणार्थी दर वेगळा असतो, त्याला विभागप्रमुखांचं पत्र पुरतं. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधी चालू करा, नाहीतर अर्ली बर्डच्या (लवकर भरणाऱ्यांच्या सवलतीच्या) शेवटच्या रात्री व्यवहार फसतो. सोबत न्यायच्या परकीय नोटांची मर्यादा साधारणपणे ३,००० डॉलर आहे. बाकीचे पैसे फॉरेक्स कार्डावर घ्या.

परत आल्यावर

कौन्सिलच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. इथल्या मान्यताप्राप्त सीएमईची (डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांची) हजेरी आयोजक कौन्सिलला कळवतात. मिलानचे आयोजक कळवत नाहीत. त्यामुळे हजेरीचं प्रमाणपत्र, कार्यक्रमपत्रिका आणि सादरीकरणाचं वेगळं प्रमाणपत्र मागून घ्या. पोस्टर लावून शहर बघायला निघून गेलेल्यांना हे दुसरं प्रमाणपत्र बहुधा मिळत नाही, आणि अनुदानाचा हिशेब नेमका त्याच्यावरच अडतो. अनुदानाचे पैसे खर्च केल्यानंतर, कागद दाखवून मिळतात. त्यात बोर्डिंग पासही मागतात. मोबाईलवरचा पास विमान उतरल्यावर अ‍ॅपमधून नाहीसा होतो. तेव्हा विमानात बसण्यापूर्वी त्याचा स्क्रीनशॉट घ्या, आणि काउंटरवरून छापील पास मिळत असेल तर तोच घ्या.