मालधक्का : नागपुरात माल का थांबतो

सिंदी रेल्वे या गावच्या लॉजिस्टिक पार्कचा, म्हणजे माल साठवण्या-चढवण्याच्या मोठ्या तळाचा, विषय निघाला की आमच्या वर्धा जिल्ह्यात दोन प्रश्न हमखास येतात. जमिनीचा भाव कुठवर गेला, आणि हे इथेच का? पहिल्याचं उत्तर दर हंगामाला बदलतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र चहाच्या टपरीवरही तयार असतं : नागपूर देशाच्या मध्यभागी आहे, झिरो माईलचा खांब बघा.

खांब जरूर बघावा, पण त्यावर काय कोरलंय तेही वाचावं. सर्वेक्षणाच्या कामात १९०७ साली उभारलेल्या या दगडावर गावांची नावं आणि त्यांची मैलांतली अंतरं आहेत. बैतूल, छिंदवाडा, शिवनी, जबलपूर, चांदा, हैदराबाद. त्यात दिल्ली नाही, मुंबई नाही. शिवाय हा दगड बसला तेव्हा नागपूरला रेल्वे येऊन चाळीस वर्षं झाली होती. दगडामुळे शहर व्यापाराचं झालं, असं म्हणणं म्हणजे वरातीमागून घोडं.

खरं तर मध्यभागी असणं ही आधी अडचणच होती. मध्य म्हणजे सगळ्या बंदरांपासून सारखंच लांब. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नागपूर आणि वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून उत्तरेला मिर्झापूरपर्यंत जायचा आणि तिथून गंगेतून नावांनी कलकत्त्याला. मुंबईकडे जाणारा माल घाट उतरून जायचा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा बंद. वाटेत कापसाला धूळ लागे, पाणी लागे, आणि बंदरावर पोचेपर्यंत पांढरं सोनं पांढरंही उरत नसे.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरची नजर इकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळहून निघालेला फाटा वऱ्हाड ओलांडत १८६७ साली नागपूरला पोचला. तोवर युद्ध संपून दोन वर्षं झाली होती आणि कापसाचे चढे भाव खाली आले होते. भाव गेला, रूळ राहिले.

या रुळांनी गावांची नावंसुद्धा बदलली. चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे, सिंदी रेल्वे. बाहेरच्या माणसाला गावाच्या नावात ‘रेल्वे’ ऐकून हसू येतं, पण तेव्हा गावाची ओळख तीच होती : इथून माल चढतो. मुख्य लाइन अमरावतीला न शिवता बडनेऱ्याहून गेली, म्हणून तिथून फाटा काढावा लागला. खामगावच्या कापूसबाजारासाठी जलंबहून फाटा निघाला आणि १८७० साली त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. एका बाजारगावाच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय, यावरून कापसाची किंमत कळावी. स्टेशनांच्या आसपास जिनिंग-प्रेसिंगची, म्हणजे सरकी काढून गाठी दाबणाऱ्या कारखान्यांची, धुरांडी उभी राहिली, कारण रुई गाठीत दाबली की एका डब्यात कितीतरी जास्त माल मावतो. पालकवाडी या लहानशा गावाच्या जागी वर्धा शहर वसलं तेही याच दशकात, १८६६ मध्ये.

तरीही नागपूर अजून फक्त शेवटचं स्टेशन होतं. पेठ मोठी झाली ती पुढच्या टप्प्यात, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली तिथेच आहे. १८८० ते १८८२ दरम्यान नागपूरहून पूर्वेला तुमसर आणि पुढे राजनांदगावपर्यंत नागपूर-छत्तीसगड रेल्वे टाकली गेली. ती होती मीटर गेज, अरुंद रुळांची. मुंबईकडची लाइन ब्रॉड गेज, रुंद रुळांची. म्हणजे छत्तीसगडचं धान्य नागपूरला आलं की डब्यातून उतरवायचं, मालधक्क्यावर ठेवायचं आणि दुसऱ्या डब्यात चढवायचं. प्रवाशाला हा ताप. पण हमाल, अडत्या, वखारवाला आणि माल पोचवण्याचा ठेका घेणारा हुंडेकरी यांना काम! माल नुसता जातो तिथे धूळ उडते. तो उतरतो तिथे पेठ बसते.

१८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ही लाइन ताब्यात घेऊन ब्रॉड गेज केली आणि १९०० च्या सुमारास हावडा नागपूरशी थेट जोडलं गेलं. उत्तर-दक्षिण रेघ मात्र फार रेंगाळली. इटारसीकडची लाइन १९२० च्या दशकात झाली, बल्लारशाह-काझीपेठ तुकडा १९२९ साली पूर्ण झाला आणि तेव्हा कुठे दिल्ली-मद्रास गाडी नागपूरवरून धावू लागली. १८६७ ते १९२९. चौक व्हायला बासष्ट वर्षं लागली. आज दिल्ली आणि चेन्नई दोन्ही इथून रेल्वेने अकराशे किलोमीटरच्या आसपास आहेत.

दरम्यान जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून इथे येण्याचं कारण साधं होतं : कापूस दाराशी, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आणि तयार माल न्यायला रेल्वे. ती मिल आता नाही, तिच्या जागेवर मॉल आहे.

मला सगळ्यात आवडणारा अध्याय मात्र आकाशातला आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक डाकोटा विमान निघायचं. चारही मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव धावपट्टीवर उतरायची. टपालाच्या थैल्या आणि प्रवासी या विमानातून त्या विमानात जायचे आणि उजाडायच्या आत विमानं आपापल्या गावी परत. चार शहरांना एकमेकांशी जोडायचं तर सहा मार्ग लागतात, इथे चारच फेऱ्यांत काम भागत होतं. अमेरिकेत फेडेक्स या कुरिअर कंपनीने मेम्फिस शहरात हीच रात्रीची अदलाबदल १९७३ साली सुरू केली आणि जगभर तिचं नाव झालं. आपली सेवा सत्तरच्या दशकात बंद पडली. तत्त्व तेच, मालधक्क्याचं. फक्त बैलाच्या जागी विमान.

१९५६ मध्ये मध्य प्रदेशची राजधानी नागपुरातून गेली, कचेऱ्या गेल्या. चौक कुठे जाणार? ट्रकचा जमाना आला आणि जबलपूर-हैदराबाद व मुंबई-कोलकाता हे दोन मोठे रस्ते, नागपूरजवळ आजचे ४४ आणि ५३ क्रमांकाचे महामार्ग, इथेच एकमेकांना छेदत होते. अमरावती रोडला वाडी आणि भंडारा रोडला कापसी या एकेकाळच्या साध्या खेड्यांत ट्रान्सपोर्टची ऑफिसं आणि गोदामं दाटली. ट्रकमालकाला विचारा, तो नकाशा सांगणार नाही, परतीचं भाडं सांगेल. कोपऱ्यातल्या शहरात गाडी रिकामी झाली की माल मिळेपर्यंत चार दिवस वजनकाट्याजवळ उभी. चौकात चार दिशांपैकी कुठली तरी बिल्टी मिळतेच.

मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागे, आणि तो टाळायला कंपन्या प्रत्येक राज्यात स्वतःचं गोदाम ठेवत. करासाठी गोदाम, सोयीसाठी नव्हे. ते कारण संपल्यावर थोडी पण मोठी गोदामं आणि तीही अंतर मोजून बांधायची, असं गणित सुरू झालं. मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणा हाकेच्या अंतरावर असलेल्या शहराला ते फळलं नसतं तरच नवल.

इथवरची गोष्ट शहराची. खेड्याची गोष्ट उलट दिशेने गेली. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी नॅरो गेज, जिला सगळे शकुंतला म्हणतात, ती कापूस मुख्य लाइनवर आणण्यासाठीच टाकली होती. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी तिची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. १९२१ सालच्या मँचेस्टरच्या वाफेच्या इंजिनाने ती १९९४ पर्यंत ओढली, नंतर डिझेल आलं, आणि पुढे गाडीच थांबली. आमची पुलगाव-आर्वी तर त्याहून आधी थांबली. माझे आजोबा कापसाची बंडी आर्वी स्टेशनापर्यंत हाकत आणि संध्याकाळी घरी जेवायला येत. आता तोच कापूस छोट्या गाडीत भरून जिनिंगवर न्यायचा, भाडं आपलं, वाट बघणंही आपलं. फाटे एकेक करून गेले आणि चौक मोठा होत राहिला.

संत्र्याचंही थोडं असंच. वरूड-मोर्शीचा माल बराचसा जागच्या जागी कॅरेटमध्ये भरून थेट ट्रकने परराज्यात जातो, नागपूरला थांबत नाही. फळ ‘नागपुरी’ म्हणवतं, एवढाच संबंध. २०२० मध्ये संत्र्याची किसान रेल्वे दिल्लीला गेली तेव्हा फोटो भरपूर निघाले.

७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच पट्ट्यातून गेला. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये. त्यावर दुचाकी चालत नाही आणि ट्रॅक्टर चालत नाही. चढायचं तर इंटरचेंजवरूनच. ज्याच्या वावरातून रस्ता गेला त्याने सोयाबीनचं पोतं पलीकडे न्यायला खालचा बोगदा शोधायचा. सिंदीच्या पार्कात रेल्वे, महामार्ग आणि कंटेनर एकत्र येतील, हे खरं आहे. पण तिथवर आपला माल कुठल्या वाटेने पोचेल, हे विचारायला आर्वीतून निघालो तर पहिले पंधरा किलोमीटर अजूनही खड्डे मोजतच जावं लागतं.