डावी हद्द, उजवी हद्द

भाचा ग्वाल्हेरात हिंदी माध्यमात शिकतो, म्हणून घरी मराठी बोलतानाही फलनाच्या, म्हणजे फंक्शनच्या, शून्याला ‘शून्यक’च म्हणतो. आम्ही ‘मूळ’ म्हणायचो. बोर्डाच्या गणिताच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही; लष्कर भागातल्या आमच्या घरी टीआय-८४ प्लस हे आलेख काढणारं कॅल्क्युलेटर आलं ते अमेरिकेतल्या आतेबहिणीच्या मुलाचं वापरून झालेलं. त्यात शून्य शोधायची ‘झीरो’ ही आज्ञा निवडली की ते आधी डावी हद्द विचारतं, मग उजवी, मग अंदाज. "मामा, आलेख समोर दिसतोय की! मग हे मला कशाला विचारतंय?"

शून्य म्हटलं की इथला माणूस किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिराकडे बोट दाखवणारच. इ.स. ८७६ च्या त्या शिलालेखात २७० हात लांब, १८७ हात रुंद बागेचा उल्लेख आहे, आणि २७० मधलं शून्य गोल कोरलेलं आहे. पण तो अंक. फलनाचं शून्य म्हणजे आलेख क्ष-अक्षाला भेटतो ती जागा. दोघांचं नावापुरतंच नातं.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर युरोपात सापडतं. न्यूटनने १६६९ मध्ये क्ष³ − २क्ष − ५ = ० हे समीकरण घेतलं. क्ष = २ ठेवलं तर −१ येतं, म्हणजे उत्तर जवळच आहे. मग २.१, मग त्यात आणखी दुरुस्ती, असं करत तो २.०९४५५ च्या आसपास पोचला. १६९० मध्ये रॅफसन या इंग्रज गणितीने रीत सुटसुटीत केली. पण शून्य तिथे असणारच, याची हमी १८१७ मध्ये बोल्झानो या गणितीने दिली: सलग, म्हणजे आलेख कुठेही न तुटणारं, फलन एका टोकाला ऋण आणि दुसऱ्या टोकाला धन असेल, तर मध्ये कुठेतरी ते शून्य होतंच. चित्रात हे इतकं उघड दिसतं की सिद्धता कशाला, असं कुणालाही वाटेल. बोल्झानोला मात्र चित्राचा आधार नकोच होता. डावी-उजवी हद्द ही त्याचीच अट.

यंत्रातही चित्राआधी शून्य शोधायची सोय आली. १९७९ च्या एचपी-३४सी या कॅल्क्युलेटरवर आलेख नव्हता, पण ‘सॉल्व्ह’ची कळ होती, तिच्यामागचं गणित विल्यम कहान या गणितज्ञांचं. आलेख काढणारं कॅसिओचं एफएक्स-७०००जी १९८५ चं, टीआय-८१ १९९० चं. टीआय-८१ वर शून्यासाठी वेगळी आज्ञा नव्हती. रेषेवरून ठिपका सरकवायचा, झूम करायचं, पुन्हा सरकवायचं. पुढे टीआय-८२ ने ती आज्ञा ‘रूट’ नावाने दिली, टीआय-८३ ने तिला ‘झीरो’ म्हटलं.

भाच्याला मी न्यूटनचंच समीकरण दिलं. खिडकी, म्हणजे दिसणारा क्ष-अक्षाचा भाग, −१० ते १०, पडदा ९६ गुणिले ६४ ठिपक्यांचा. ठिपका १.९१४८९३६ वरून थेट २.१२७६५९६ वर उडी मारतो. पहिल्या जागी फलनाची किंमत −१.८१, दुसऱ्या जागी ०.३८. मधलं शून्य हाती लागतच नाही. त्या दोन जागा हद्दी म्हणून दिल्या, तेव्हा २.०९४५५१५ आलं.

मग त्याने क्ष² − ४क्ष + ४ टाकलं. हा आलेख अक्षाला २ वर नुसता टेकतो आणि परत वर जातो. चिन्ह बदलतच नाही. यंत्राने चूक दाखवली. अशा वेळी आलेखाचा सर्वांत खालचा बिंदू शोधणारं ‘मिनिमम’ वापरायचं असतं. ते वापरलं तर पडद्यावर १.९९९ आणि पुढे काहीबाही आकडे. वहीत त्याने २ लिहिलं.