फिनॉमिनॉलॉजी म्हणजे ‘ज्याला जे वाटेल ते खरं’?

समाजशास्त्राच्या नोट्समध्ये आणि फॉरवर्डांत हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. फिनॉमिनॉलॉजी म्हणजे खरं तर एखादी गोष्ट माणसाच्या अनुभवाला कशी येते, ते समजून घेण्याची अभ्यासपद्धत. गैरसमज होणं साहजिकच आहे, ‘अनुभव’ हा शब्दच जरा सैल.

मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो. ही पद्धत तो आकडा नाकारत नाही. ती विचारते, तेच ऊन माणसाला कसं भेटतं? रावेरकडे केळीचे घड वाहणाऱ्या मजुराला ऊन म्हणजे हिशेब: बांधावरच्या निंबाची सावली किती पावलांवर, मडक्यात पाणी किती उरलंय. ऐकणाऱ्याने ‘ऊन म्हणजे नुसता त्रास’ हे आपलं गृहीतक तेवढ्यापुरतं बाजूला ठेवायचं. मग अनेकांची वर्णनं ताडून त्यांत समान काय, ते शोधायचं. ‘वाटेल ते’ इथेच गळून पडतं.

१९३२ साली व्हिएन्नात छापलेल्या एका ग्रंथाने हा विचार समाजशास्त्रात आणला. आता नर्सिंगच्या संशोधनातही तो वापरतात.

पडताळायचंय? दोघा-चौघांना आधी ‘ऊन कसं वाटतं?’ विचारा, मग ‘काल दुपारी नेमकं काय काय केलंत?’ पहिल्या प्रश्नाला मतं येतील. दुसऱ्याला सावली, मडकं, भिजवलेला रुमाल.