कडुनिंबाचा काढा, सोन्याचे कण आणि कॅन्सरचं संशोधन: हे सगळं आलं कुठून?

जानेवारी उजाडला की आमच्या लॅबमध्ये एमएस्सीच्या प्रोजेक्टची गडबड सुरू होते आणि दरवर्षी निदान एक तरी ग्रुप कंपाउंडमधल्या कडुनिंबाखाली पाला गोळा करताना दिसतोच. पाला धुवायचा, सावलीत वाळवायचा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळायचा, गाळायचा आणि तो काढा सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात घालायचा. सिल्व्हर नायट्रेट म्हणजे तेच, जे मतदानाच्या शाईत असतं. हळूहळू ते पाणी आधी पिवळसर, मग तपकिरी होत जातं, चांदीचे नॅनोपार्टिकल, म्हणजे साध्या मायक्रोस्कोपलाही न दिसणारे अतिबारीक कण, झाले म्हणून पोरं खुश, मग कुणीतरी म्हणतं की हे कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघूया, आणि प्रोजेक्टच्या नावात 'अँटीकॅन्सर' शब्द येतो. मागच्या वर्षी त्यातल्याच एका मुलीने विचारलं, "मॅडम, माझ्या मावशीची परळला केमो चालू आहे, मग तिला हे का नाही देत?" मला दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. तिला नीट सांगायचं तर मागे जावं लागतं, बरंच मागे.

झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत सोनं शुद्ध करताना ते आम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात, विरघळवतात हे मुंबईकरांना ऐकून माहीत असतं. त्यातून जो पिवळा क्षार मिळतो तोच सोन्याच्या नॅनोपार्टिकलचा कच्चा माल. १८५७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने असाच सोन्याचा क्षार घेऊन त्यावर फॉस्फरस वापरला आणि त्याला माणकासारखं लाल पाणी मिळालं. सोनं तेच, पण कण इतके बारीक की रंगच बदलला, हे त्याने ओळखलं, आणि त्याच्या त्या काळच्या काही बाटल्या तिथे अजून जपून ठेवल्यात. रंग का बदलतो याचं गणित १९०८ मध्ये गुस्ताव मी (Mie) या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलं. कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका तालात हलतात आणि ठरावीक रंगाचा प्रकाश शोषतात, सोन्याच्या बारीक गोल कणांचा तो साधारण ५२० नॅनोमीटरला, चांदीचा ४०० ते ४५० च्या आसपास. आमची पोरं यूव्ही-व्हिजिबलवर, म्हणजे कुठला प्रकाश किती शोषला ते मोजणाऱ्या यंत्रावर, जो पीक (आलेखातलं टोक) शोधत बसतात तो हाच. १ नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा १० लाखावा भाग, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

इथे कुणीतरी सुवर्णभस्माचं नाव काढतंच. आपल्या रसशास्त्रात धातू वनस्पतींच्या रसात खलून पुन्हा पुन्हा पुटं देऊन, म्हणजे भट्टीत भाजून, भस्म करण्याची पद्धत शेकडो वर्षांची आहे, आणि आताच्या मायक्रोस्कोपखाली सुवर्णभस्मात नॅनो आकाराचे सोन्याचे कण दिसलेत हेही खरं. मला त्याचा अभिमान आहे. पण भस्म भट्टीत होतं आणि आपला विषय बीकरमध्ये होतो, म्हणून 'सगळं आपल्याकडे आधीच होतं' असं म्हणून मधली पानं गाळली तर इतिहास कळत नाही.

आणि ती मधली पानं आहेत केमिस्ट्रीची. १९५१ मध्ये जॉन टर्केविच आणि सहकाऱ्यांनी उकळत्या सोन्याच्या क्षारात सायट्रेट घालून एकसारखे कण करायची पद्धत दिली, ती आजही लॅबमध्ये चालते. १९९४ मध्ये ब्रस्ट आणि शिफ्रिन यांची पद्धत आली, त्यात टोल्युइन, थायॉल आणि सोडियम बोरोहायड्राइड. कण मस्त होतात, अगदी लहान आणि टिकाऊ, पण ही केमिकल विषारी, कणांच्या अंगाला चिकटून राहतात, आणि शरीरात टाकायच्या गोष्टीला ते नको असतं. १९९८ मध्ये अॅनास्टास आणि वॉर्नर यांनी ग्रीन केमिस्ट्रीची १२ तत्त्वं मांडली, आणि बोरोहायड्राइडऐवजी काय, हा प्रश्न आणखी जोरात विचारला जाऊ लागला. म्हणजे वनस्पती या गोष्टीत औषध म्हणून आल्याच नाहीत, त्या आल्या विषारी केमिकलची जागा घ्यायला. त्या मुलीला मला सगळ्यात आधी हेच सांगायचं होतं.

पहिली ठळक पायरी २००२ ची. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या एल पासो इथे गार्डिया-टोरेस्डे यांच्या ग्रुपने लसूणघास, हो तीच गुरांना घालतात ती, सोन्याचा क्षार असलेल्या माध्यमात वाढवली आणि जिवंत रोपाच्या आत सोन्याचे नॅनोकण तयार झालेले दाखवले. हे लोक मुळात वनस्पती वापरून प्रदूषित जमिनीतला धातू शोषून काढण्यावर काम करत होते, त्यातून ही वाट निघाली.

पण रोप वाढवायचं आणि मग कण बाहेर काढायचे हे किचकट. आणि इथे आपल्या पुण्याची एनसीएल येते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांचे विद्यार्थी आधी बुरशी वापरून कण करत होते, मग त्यांनी थेट पाल्याचा काढा घेतला. २००३ मध्ये जिरेनियमचा पाला, २००४ मध्ये कडुनिंब, त्यात सोनं, चांदी आणि आत सोनं-वर चांदी असे दुहेरी कण, शिवाय त्याच वर्षी गवती चहाच्या काढ्यातून सोन्याचे चपटे त्रिकोण, पुढे आवळासुद्धा. दादरच्या भाजी मार्केटात आल्याबरोबर जुडी मिळते तोच गवती चहा! हे त्रिकोण डोळ्यांना न दिसणारा, लाल रंगापलीकडचा प्रकाश शोषतात, आणि तो प्रकाश मांसातून त्यातल्या त्यात खोल जातो, म्हणून कण गाठीत पोचवून बाहेरून लेझर मारून गाठ तापवायची या कल्पनेशी त्यांचं नातं लगेच जोडता येतं. आज जगभर जे हजारो पेपर निघतात त्यांच्या मुळाशी पुण्याचं हे काम आहे, आणि आपल्याच पोरांना ते माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

काढ्यात होतं काय? पाल्यातली पॉलिफेनॉल, फ्लॅव्होनॉइड, साखरा वगैरे धातूच्या आयनला, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूला, इलेक्ट्रॉन देतात, अणू सुटे होतात, एकत्र येऊन कण बनतो, आणि काढ्यातलेच रेणू त्याच्याभोवती कवच करतात म्हणून कण एकमेकांना चिकटत नाहीत. एकाच भांड्यात दोन्ही कामं.

आता कॅन्सरची बाजू, ती वेगळीच चालत आली. धातू आणि कॅन्सर हे नातं नवं नाही. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाला बॅक्टेरियावर प्लॅटिनमचा परिणाम योगायोगाने दिसला, त्यातून सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचं औषध आलं, १९७८ मध्ये अमेरिकेत मान्य झालं आणि आजही केमोत रोज वापरलं जातं. किरणोत्सारी सोन्याचं कोलॉइड, म्हणजे द्रवात तरंगणारे बारीक कण, तर १९५० च्या दशकातच कॅन्सरमुळे छातीत-पोटात साठणाऱ्या पाण्यासाठी देत होते. १९८६ मध्ये जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, मोठे रेणू तिथे झिरपून अडकतात, मग बारीक कणही तिथेच साठतील अशी नॅनोवाल्यांना मोठी आशा मिळाली.

दोन्ही धागे नीट जुळले ते मिसुरी विद्यापीठात, मूळचे कर्नाटकातले कट्टेश कट्टी यांच्याकडे. चहातल्या ईजीसीजी या घटकाने सोन्याचे कण केले, आणि तोच घटक प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरच्या लॅमिनिन रिसेप्टर नावाच्या प्रथिनाला चिकटतो. सोनं किरणोत्सारी घेतलं, सोनं-१९८, अर्धायुष्य २.७ दिवस, म्हणजे तेवढ्यात त्याचा किरणोत्सार निम्मा होतो. २०१२ च्या पेपरमध्ये उंदरांच्या गाठीत थेट इंजेक्शन दिल्यावर २८ दिवसांत गाठीचा आकार ८० टक्क्यांहून जास्त कमी राहिला. इथे वनस्पतीतल्या रेणूला नुसतं कण बनवायचं नाही तर पत्ता शोधायचंही काम आहे, म्हणून मला हे काम फार आवडतं. पण उंदीर आहेत, आणि इंजेक्शन गाठीतच दिलंय, हे वाचताना विसरू नये.

कारण शिरेतून दिलं तर काय होतं ते २०१६ मध्ये टोरंटोच्या वॉरन चॅन यांच्या ग्रुपने दहा वर्षांचे अभ्यास एकत्र करून काढलं. दिलेल्या डोसपैकी गाठीपर्यंत पोचणारा मध्यक भाग फक्त ०.७ टक्के, बाकीचं बरंचसं लिव्हर आणि प्लीहा उचलतात. बीकरमधल्या पेशींना लिव्हर नसतं, तिथे सगळा डोस त्यांच्याच अंगावर. शिवाय चांदीचे कण चांदीचे आयन सोडतात आणि ते चांगल्या पेशीही मारतात, म्हणून सोबत निरोगी पेशींवर तोच डोस, नुसता काढा, आणि नुसतं सिल्व्हर नायट्रेट, हे तिन्ही कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे प्रयोग, नसले तर 'पेशी मेल्या' या वाक्याला काही अर्थ नाही. आणि पाला तर दर महिन्याला वेगळा, पावसाळ्यानंतरच्या आणि मेमधल्या पाल्यातली पॉलिफेनॉल सारखी नसतात, कणांचा आकारही मग हलतो, आणि पेशंटला द्यायच्या औषधाची प्रत्येक बॅच सारखीच लागते.

मावशीला केमो देतात ते तिच्यासारख्या पुष्कळ माणसांवर तपासलेलं आहे, हे अजून त्या टप्प्याला नाही, एवढं मी तिला शेवटी सांगितलं. ती जरा गप्प झाली, मग म्हणाली, आपला पाला कुठल्या महिन्यातला होता ते आपण लिहिलंच नाही ना. आता लॅबच्या वहीत पहिल्या पानावर झाड कुठलं, तारीख, किती दिवस वाळवला आणि किती मिनिटं उकळला, एवढं भरल्याशिवाय सिल्व्हर नायट्रेटची बाटली मी कुणाला देत नाही.